हात पाठीमागे ठेवायला शिकवणारं प्रशिक्षण

वाचनालयात येणाऱ्या लोकांना ग्रंथपालांनी डिजिटल कौशल्यं कशी शिकवावीत, याचं एक प्रशिक्षण मी गेल्या दोन-अडीच महिन्यांत पुरं केलं. पाच दिवस वर्गात, मग सहा आठवडे आपापल्या वाचनालयात सराव आणि शेवटी पुन्हा एक दिवस सगळे एकत्र, असा त्याचा आराखडा. वय झालेले, लिहिता-वाचता न येणारे, दृष्टी अधू असलेले, ऐकू न येणारे, परक्या मुलखातून येऊन नव्यानं संसार मांडणारे, तुरुंगातून सुटून आलेले, डोक्यावर छप्पर नसलेले अशा सगळ्यांना माहितीपत्रकात एका दमात 'वंचित आणि दुर्बल घटक' म्हटलं होतं. जावं की नाही, असं बऱ्याच सहकाऱ्यांनी मला विचारलं, म्हणून हे सविस्तर लिहितेय. आधीच सांगते, जा. पण काही गोष्टी माहीत करून घेऊन जा आणि काही गोष्टी तिथे आग्रह धरून मागून घ्या.

बावीस वर्षं मी देवघेवीच्या काउंटरवर बसतेय. पूर्वी लोक पुस्तक मागायला यायचे, आता कित्येक जण आधी फोन पुढे करतात. "मॅडम, हा अर्ज तेवढा भरून द्या." "ताई, हे काय आलंय बघा ना." कार्यालयांच्या खिडक्या बंद झाल्या, सगळं ऑनलाइन झालं आणि त्या खिडक्यांसमोरची रांग आमच्याकडे आली. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२४ च्या अंदाजाप्रमाणे जगातले सुमारे २६० कोटी लोक इंटरनेटच्या बाहेर होते. माझ्यासमोर येणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे मात्र फोन असतो, नेट असतं. त्यांचं अडतं ते त्याच्या पुढच्या पायरीवर, आणि त्या आकड्यात ते धरलेलेच नाहीत. मी काय करायचे? फोन हातात घ्यायचे, भराभर अर्ज भरायचे आणि परत द्यायचे. दोन मिनिटांत काम. तोच माणूस पुढच्या महिन्यात तसाच अर्ज घेऊन पुन्हा हजर. याला मी सेवा समजत होते.

पहिल्या दिवशी ओळखपाळख होते न होते तोच प्रशिक्षक बाईंनी आम्हाला माऊस उलटा धरायला लावला. वायर आपल्या अंगाकडे, बटणं मनगटाखाली. चित्रं काढायचा प्रोग्राम उघडलेला आणि त्यात फक्त स्वतःचं नाव लिहायचं. हात उजवीकडे नेला की बाण डावीकडे पळतो, वर नेला की खाली घसरतो. बटण दाबायला जावं तर अख्खा माऊस सरकतो. बाई पाठीमागे उभ्या राहून भराभर सूचना देत होत्या, "तिथे नाही हो, वर, वर. आता उजवीकडे. अहो, सोपं आहे!" दोन मिनिटांत माझे कान तापले, तळहाताला घाम सुटला, आणि स्क्रीनवर माझ्या नावाचं पहिलं अक्षरसुद्धा धड उमटलं नव्हतं. तिसऱ्यांदा "सोपं आहे" ऐकल्यावर मला त्या बाईंचा खरोखर राग आला. मग त्यांनी आम्हाला थांबवलं आणि एकच प्रश्न विचारला, "हे वाक्य तुम्ही गेल्या आठवड्यात किती जणांना म्हणालात?"

मला एक काका आठवले. पेन्शनच्या कुठल्याशा कागदाची प्रत काढायला आले होते. बाण स्क्रीनवर शोधता शोधता त्यांचा माऊस टेबलाच्या कडेपर्यंत गेला आणि आता पुढे काय, म्हणून ते हातात माऊस धरून हवेतच थांबले. माऊस उचलून परत मध्ये ठेवायचा असतो, ही गोष्ट कुणी सांगितल्याशिवाय कशी कळणार? मी "सोपं आहे काका" म्हणत माऊस त्यांच्या हातातून काढून घेतला. कागद त्यांना मिळाला. ते त्या टेबलाकडे पुन्हा आले नाहीत, आणि पुढे कधीतरी वर्तमानपत्र वाचायला यायचेही थांबले.

तर या प्रशिक्षणाचा गाभा इथे आहे. शिकवणाऱ्यानं हात पाठीमागे ठेवायचे. फोन शिकणाऱ्याच्या हातात, माऊस शिकणाऱ्याच्या हातात, आपण शेजारी बसायचं, समोर किंवा डोक्यावर उभं राहायचं नाही. बोट दाखवायचंच असेल तर स्क्रीनपासून वीतभर लांबून. ऐकायला साधं वाटतं, पण तिसऱ्या दिवसापर्यंत आमच्यातल्या निम्म्या लोकांना ते जमत नव्हतं. माझा हात आपोआप पुढे जायचा. शेवटी मी दोन्ही हातांत एक जाड पुस्तक धरून बसायला लागले, तेव्हा कुठे जमलं.

याच्या जोडीला बाईंनी एक प्रश्न दिला, आणि मला विचाराल तर सगळ्या साहित्यात तो सर्वांत मोलाचा: "आज करून हवंय, की शिकायचंय?" ज्याच्या अर्जाची मुदत आज संध्याकाळी संपतेय त्याला शिकवत बसणं हाही एक प्रकारचा जुलूमच. त्याचं काम आधी मार्गी लावायचं आणि शिकायला वेगळी वेळ द्यायची. निवड त्याची. हा प्रश्न मी आता दिवसातून कितीतरी वेळा विचारते, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा खूप जास्त लोक "शिकायचंय" म्हणतात.

दुसरा दिवस शब्दांवर आणि हातांवर होता. 'विंडो बंद करा' म्हटलं की नवखा माणूस खिडकीकडे बघतो, त्यात त्याची काय चूक? 'वरच्या कोपऱ्यातली फुली दाबा' म्हणावं. डोळ्यांना जे दिसतं त्याचं नाव घ्यायचं. म्हाताऱ्या बोटांची कातडी कोरडी असते, स्पर्श फोनला नीट कळत नाही, म्हणून माणूस जोर लावून दाबून धरतो. फोनला वाटतं, याला चिन्ह हलवायचंय किंवा काढून टाकायचंय. मग "माझ्या फोनमधलं सगळं आपोआप जातं" ही तक्रार. अँड्रॉइड फोनमध्ये 'दाबून धरण्याचा' अवधी वाढवता येतो, विंडोजमध्ये डबल क्लिकचा वेग कमी करता येतो, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. बोट किंवा हात थरथरणाऱ्यांसाठी या दोन सेटिंगनी माझं निम्मं शिकवणं वाचवलं. माऊसनं धरून ओढायचा सराव द्यायला पत्त्यांचा सॉलिटेअर वापरला. हा खेळ १९९० साली विंडोज ३.० बरोबर आला आणि ओढून सोडण्याची सवय त्यानं असंख्य हातांना नकळत लावली. आजही त्याहून चांगला धडा माझ्या पाहण्यात नाही.

तिसऱ्या दिवसाची अख्खी सकाळ युरोपीय आयोगाच्या डिजकॉम्प या डिजिटल क्षमतांच्या आराखड्यावर गेली. हा आराखडा २०१३ मध्ये आला, त्याची २.२ ही आवृत्ती २०२२ ची. ५ क्षेत्रं आणि २१ क्षमता. माहिती शोधणं-पारखणं, संवाद, स्वतः काही तयार करणं, सुरक्षितता आणि अडचणी सोडवणं ही ती क्षेत्रं. वर्षभराच्या वर्गांचं नियोजन करायला याचा आधार चांगला आहे, ते मी नाकारत नाही. पण अर्ध्या दिवसाचं हे काम नव्हे. काउंटरशी आलेला माणूस क्षेत्र क्रमांक दोन घेऊन येत नाही. तो विचारतो, नातीनं पाठवलेला फोटो काल होता, आज कुठे गेला? या एका प्रश्नात तीन क्षेत्रं गुंतलेली असतात. त्या सकाळी असे दहा प्रश्न घेऊन ते सोडवायचा सराव दिला असता तर आराखडाही आपोआप समजला असता.

चौथ्या दिवशी पहिल्यांदा खरे शिकणारे आले. हा दिवस पहिला हवा होता, ही माझी मोठी तक्रार आहे. तीन दिवस आम्ही ज्यांच्याबद्दल बोलत होतो, ते खोलीत नव्हतेच.

माझ्या वाट्याला एक बाई आल्या. चाळिशीच्या आतबाहेरच्या असतील. नोंदीत लिहिलं होतं, 'निरक्षर, डिजिटल ज्ञान शून्य'. मी आपली फोन चालू-बंद करण्यापासून तयारी करून बसले होते. त्यांनी पिशवीतून फोन काढला, काचेवर अंगठा सरकवला आणि बहिणीला आवाजी संदेश पाठवला, "आले गं, बसलेय." संपर्कांच्या यादीत प्रत्येकाला त्यांनी फोटो लावला होता. ज्यांचा फोटो नाही त्यांच्यासाठी वस्तूचा: दुकानदाराला तराजूचा, डॉक्टरांच्या दवाखान्याला तिथल्या निळ्या दाराचा. अक्षर न ओळखता त्यांनी स्वतःची एक तालिका रचली होती. आयुष्यभर तालिका करत आलेली मी, ते बघून गप्पच झाले. कोण म्हणेल शून्य?

"मग तुम्हाला काय शिकायचंय?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "मुलाच्या शाळेतून लिहिलेलं येतं. मुलगाच वाचून दाखवतो. त्याच्याबद्दलचं असलं तर तो खरं वाचतो का, ते मला कळत नाही."

अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये सुलभतेच्या सुविधांत 'सिलेक्ट टू स्पीक' असतं. ते चालू केलं की स्क्रीनच्या कडेला एक छोटं चिन्ह येतं. ते दाबायचं, मग ज्या मजकुरावर बोट ठेवाल तो फोन मोठ्यानं वाचतो. चालू करायचे टप्पे माझ्या बोटानं नाही, त्यांच्या बोटानं केले. वेळ लागला, दोनदा भलतीकडेच गेलो. मग त्यांनी शाळेच्या शेवटच्या संदेशावर बोट ठेवलं आणि फोन बोलला. पालकसभेची तारीख होती, इतकंच. त्यांनी तो संदेश तीनदा ऐकला. नंतर वर सरकवत सरकवत गेल्या महिन्यांचे सगळे संदेश एकेक करून ऐकत राहिल्या, आणि मी शेजारी पुस्तक धरून बसून राहिले. तासाच्या शेवटी त्यांनी विचारलं, "हे वाचनालयातल्या पुस्तकाचं पण वाचेल का?"

हे उत्तर द्यायला मला त्या प्रशिक्षणानं तयार करायला हवं होतं, आणि नेमकं तिथेच ते सर्वांत कमी पडलं. अपंगत्व आणि सुलभता या विषयाला शेवटच्या दिवशी शेवटची पाऊण तासाची वेळ. पाहुणे वक्ते पांढऱ्या पडद्यावर फिकट करड्या अक्षरांत अक्षर आणि पार्श्वभूमीच्या रंगांतल्या फरकाबद्दल सांगत होते. वेबसाइटच्या सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला भेद किमान ४.५ ला १ असावा असं म्हटलंय. त्या पडद्यावर तो पाळलेला नव्हता, हे मागच्या रांगेतून उघड दिसत होतं. आमच्या तुकडीत एक अंध ग्रंथपाल होते. त्यांना दिलेली टिपणं स्कॅन केलेली, म्हणजे अक्षरांची नुसती चित्रं. त्यांचा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर मोठ्यानं वाचणारा प्रोग्राम, पानामागून पान रिकामं सांगत होता. पाच दिवस त्यांनी ऐकून ऐकून काम भागवलं. अपंगांना शिकवायला ग्रंथपाल तयार करणाऱ्या वर्गात हे व्हायला नको होतं. मला त्याचं फार वाईट वाटलं आणि अभिप्रायाच्या कागदावर मी ते स्पष्ट लिहिलं.

जे शिकायचं ते आम्ही त्यांच्याकडूनच मधल्या सुट्टीत शिकलो. ते एनव्हीडीए वापरतात. मायकल करन आणि जेम्स टेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ पासून उभा केलेला हा स्क्रीन रीडर पूर्णपणे मोफत आहे. वाचनालयाच्या एका संगणकावर तो बसवायला वेळच किती लागतो? त्यांनी मॉनिटर बंद करून आम्हाला फक्त टॅब आणि बाणाच्या बटणांवर ईमेल पाठवायला लावला. माराकेश कराराबद्दलही त्यांनीच सांगितलं. २०१३ मध्ये झालेला आणि २०१६ पासून अमलात आलेला हा करार, ज्यांना छापील मजकूर वाचता येत नाही त्यांच्यासाठी पुस्तकाची वाचता येईल अशी प्रत कॉपीराइटधारकाची परवानगी न मागता करण्याची आणि ती देशांच्या सीमेपलीकडे पाठवण्याची वाट मोकळी करतो. त्याला सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत होता, २०१४ साली. ग्रंथपालांच्या प्रशिक्षणात याचा एका ओळीनंही उल्लेख नसावा?

सुरक्षिततेचं सत्र मात्र फार चांगलं झालं. फसवणुकीच्या संदेशाची खूण तंत्रज्ञानात शोधू नका, त्याच्या सुरात शोधा, असं तिथे सांगितलं. घाई, भीती आणि 'कुणाला सांगू नका'. तिन्ही एकत्र आले की फोन खाली ठेवायचा. हे कुणालाही शिकवता येतं, ईमेल पत्त्याचं स्पेलिंग तपासायला शिकवण्यापेक्षा कितीतरी सहज. पासवर्ड वहीत लिहावा का यावर आमचा मोठा वाद झाला. माझं मत असं की घरात नीट जपलेल्या वहीत लिहिलेला लांब पासवर्ड हा सगळीकडे वापरलेल्या एकाच सोप्या पासवर्डपेक्षा बरा. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक आणि तंत्रज्ञान संस्थेनंही २०१७ मध्ये आपल्या मार्गदर्शनात बदल करून, कारण नसताना ठरावीक मुदतीनं पासवर्ड बदलायला लावू नये आणि लांबीला महत्त्व द्यावं, असं सांगितलं. सत्तरीच्या माणसाला दर तीन महिन्यांनी नवा पासवर्ड लक्षात ठेवायला लावायचा, तर तो शेवटी जन्मतारीखच टाकणार.

त्या सत्रात दिलेला गृहपाठ होता, आपल्या वाचनालयातल्या सार्वजनिक संगणकाचं डाउनलोड फोल्डर उघडून बघा. मी परत आल्यावर उघडलं. कुणाच्या रक्ततपासणीचे अहवाल, बँकेची विवरणं, नोकरीचे अर्ज, एक घटस्फोटाची नोटीस, ओळखपत्रांचे फोटो. कित्येक महिन्यांचं तसंच पडलेलं. कोणत्या वाचकानं कोणतं पुस्तक नेलं हे आम्ही कुणाला सांगत नाही. ग्रंथालय संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं २०१२ मध्ये स्वीकारलेल्या आचारसंहितेतही वाचकाच्या खाजगीपणाला मोठं स्थान आहे. आणि इथे मी दुसऱ्याच्या आजाराची नोंद उघड्या टेबलावर ठेवून बसले होते. त्याच दिवशी सगळं पुसलं. आता रोज वाचनालय बंद करताना फोल्डर आणि रिसायकल बिन दोन्ही रिकामे होतात, ब्राउझर बंद होताच इतिहास पुसला जातो, आणि प्रत्येक वर्गाचा शेवट 'साइन आउट' नं होतो. या एका गोष्टीसाठीसुद्धा हे प्रशिक्षण घ्यावं.

एक प्रश्न मात्र अभ्यासक्रमात नव्हताच. पैशांच्या व्यवहाराला कर्मचाऱ्यानं हात लावू नये, घरच्या विश्वासातल्या माणसाला बरोबर आणायला सांगावं, असा नियम सांगितला गेला. एका सहकारी बाईंनी विचारलं, घरचाच माणूस फोन तपासत असेल तर? प्रशिक्षकांकडे उत्तर नव्हतं आणि त्यांनी ते प्रामाणिकपणे मान्य केलं. त्या सहकारी बाईंनी पूर्वी स्त्रियांच्या आधारगृहात काम केलेलं. त्या म्हणाल्या, अशा बाईला घाईनं 'सगळा इतिहास पुसून टाका' सांगू नका, एकदम रिकामा झालेला फोनच संशय वाढवतो. जे शोधायचं ते त्या माणसाचा हात पोचत नाही अशा संगणकावर शोधावं. आणि असा संगणक बऱ्याचदा फक्त वाचनालयात असतो. त्यानंतर मी आमच्या दोन संगणकांपैकी एकाची स्क्रीन भिंतीकडे वळवून घेतली.

सरावाचे सहा आठवडे मला खरं तर वर्गापेक्षा जास्त शिकवून गेले. पहिल्या पाटीवर मी लिहिलं होतं, 'ज्येष्ठ व निरक्षर व्यक्तींसाठी मोफत संगणक वर्ग'. दोन जण आले, तेही संकोचत. स्वतःला निरक्षर म्हणवून घेत दारातून आत कोण येईल? पाटी बदलली: 'फोन घेऊन या, प्रश्न घेऊन या'. पुढच्या आठवड्यात खुर्च्या कमी पडल्या. पण मी एखाद्याच्या शेजारी बसले की काउंटरवर पुस्तकं घेऊन लोक ताटकळतात. प्रमाणपत्र एकट्या ग्रंथपालाला मिळतं, वेळ मात्र अख्ख्या वाचनालयाचा लागतो. वरिष्ठांना हे पटवायला मला युनेस्को आणि महासंघाचा सार्वजनिक ग्रंथालयांचा जाहीरनामा उपयोगी पडला. त्याच्या २०२२ च्या आवृत्तीत सर्व वयाच्या लोकांना डिजिटल साक्षरतेसाठी मदत करणं हे ग्रंथालयाच्या कामांतच धरलंय. तो कागद पुढे ठेवला आणि आठवड्यातून दोन तासांसाठी दुसरा माणूस काउंटरवर मिळाला. हा मुद्दा प्रशिक्षणातच शिकवायला हवा, आणि शक्य झाल्यास वरिष्ठांना एक दिवस बोलावून.

मूल्यमापनाचा तक्ता फक्त माणसं मोजतो: किती आले, किती बायका, किती ज्येष्ठ. मी शेजारी माझी एक वही ठेवली. कुणाचं नाव नाही, फक्त त्यांच्या शब्दांत त्यांचा प्रश्न, आणि पुढच्या खेपेला ते काम त्यांनी माझ्याशिवाय केलं का. 'मुलीशी तोंड बघून बोलायचंय' – केलं. 'बसची वेळ' – केलं, पण माघारी यायची सापडली नाही. 'पेन्शनचा दाखला' – अजून नाही, फोटो चढवताना अडतं. शेवटच्या एकत्र दिवशी मी ही वही तक्त्याबरोबर जमा केली.

अभिप्रायात मी दोन गोष्टी मागितल्या होत्या. टिपणं स्क्रीन रीडरला वाचता येतील अशा मजकुराच्या स्वरूपात द्या, आणि शिकणाऱ्यांना चौथ्याऐवजी पहिल्याच दिवशी बोलवा. पुढच्या तुकडीपासून टिपणं तशी मिळतील, असं आयोजकांनी कळवलंय. दुसऱ्या मागणीचं उत्तर अजून आलेलं नाही. नाव नोंदवताना तुम्हीही ती लिहून मागा.